क्रॉस पुन्हा पुन्हा तुटतोय? पाट्यांवरच्या ॲक्सलचा पीळ ओळखणं आणि अँटी-रॅप बार नीट बसवणं

मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिक-चिन्हासारखा भाग) तुटला, नवा टाकला, पुढच्याच अवघड चढाला तोही गेला. मग जाड क्रॉस शोधला जातो, कंपनी बदलून पाहिली जाते, शाफ्ट बॅलन्सिंगला जातो. पण गाडी जिप्सी, महिंद्रा एमएम ५४० किंवा तत्सम पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगची) असेल, उंची वाढवलेली असेल आणि टायर मोठे असतील, तर आधी मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगकडे (बाहेरच्या कवचाकडे) बघा. ताण आला की हाउसिंग स्वतःभोवती फिरतं आणि क्रॉसला त्याला न झेपणाऱ्या कोनात नेतं. यालाच ॲक्सल-रॅप म्हणतात. हे फिरणं थांबत नाही तोवर कितीही चांगला क्रॉस टाका, तो तुटणारच.

हे का होतं

पाटा एकटाच तीन कामं करतो. गाडीचं वजन पेलतो, ॲक्सल जागेवर धरतो आणि चाक ओढताना हाउसिंगला बसणारा उलटा पीळही सोसतो. चाक पुढे फिरतं तेव्हा हाउसिंग मागे फिरू पाहतं. मागच्या ॲक्सलच्या पिनियनचं (प्रॉपेलर ज्याला जोडला जातो त्या छोट्या गिअरचं) तोंड पुढे असतं, त्यामुळे त्याचं नाक वर उचललं जातं. ॲक्सल पाट्याला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या लगेच पुढचा पाटा वर फुगतो, मागचा खाली दबतो आणि बाजूने पाहिलं तर पाट्याला आडवा नागमोडी आकार येतो. टायरची पकड सुटली की पाट्यात साठलेली ताकद एकदम मोकळी होते आणि हाउसिंग खाली आदळतं. तेवढ्यात टायर परत पकडतो, नाक परत वर जातं. ओल्या कातळावर मागून जी थडथड येते ती हीच, आणि त्यातला प्रत्येक झटका क्रॉसवर बसतो.

पाटा ॲक्सलच्या खाली आहे की वर, यावर बरंच अवलंबून आहे. जमिनीने टायरला दिलेला जोर पाट्यापर्यंत जाताना जमीन ते पाटा एवढ्या अंतराचा तरफदांडा मिळतो. भार घेतलेल्या टायरची त्रिज्या ३७० मिमी आणि पाटा ॲक्सलच्या मध्यापासून ७५ मिमीवर धरा. पाटा खाली असेल तर हा दांडा २९५ मिमी होतो, पाटा वर घेतला की ४४५ मिमी. टायर तोच, इंजिन तेच, पण पाट्यावरचा पीळ दीडपट. जिप्सीला पाटे ॲक्सलवर घेऊन उंची दिली की आधी कधी न तुटलेले क्रॉस तुटू लागतात ते यामुळे. त्यात आराम मिळावा म्हणून पाटे काढून पॅक मऊ केलं असेल, तर आणखी भर पडते.

आधी खात्री करा, आणि ती योग्य पद्धतीने करा

ब्रेक घट्ट दाबून, लो-फर्स्टमध्ये क्लच सोडत पिनियन उचलतो का ते बघायची पद्धत सर्रास वापरली जाते. त्यातून काही कळत नाही. मागच्या ब्रेकची बॅकप्लेट हाउसिंगलाच बोल्ट केलेली असते. ब्रेकने चाक अडवलं की गिअरचा पीळ आणि ब्रेकचा उलटा पीळ हाउसिंगच्या आतच एकमेकांना खाऊन टाकतात, पाट्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. हाउसिंग फिरतं ते जमिनीने टायरला अडवलं तरच. या चाचणीत पिनियन हलला नाही म्हणून 'रॅप नाही' असा निकाल देऊ नका.

खरी चाचणी चढावर होते. डिफच्या (डिफरन्शियलच्या) केसिंगला ३०० मिमीची सरळ ॲल्युमिनियम पट्टी सी-क्लॅम्पने गाडीच्या लांबीच्या दिशेने बांधा. चॅसीच्या रेलवर मोबाइल असा लावा की बाजूने पट्टी आणि रेल दोन्ही दिसतील, आणि स्लो-मोशनवर ठेवा. मग जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या पायरीवर, जिथे गाडी नेहमी थडथडते तिथेच, सावकाश चढवा. नंतर व्हिडिओ थांबवून पट्टी आणि रेल यांच्यातला कोन सुरुवातीला किती होता आणि जास्तीत जास्त किती झाला ते मोजा. २-३ अंशांचा फरक पाट्यांच्या गाडीत असतोच. ५ अंशांच्या पुढे गेला तर उपाय करायला हवा. १० अंश दिसले तर गाडी तशीच वापरू नका, कारण क्रॉसनंतर पिनियनचा फ्लँज आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) आउटपुट यांची पाळी येते.

तुटलेले भागही बरंच सांगतात. कपातल्या सुयांनी क्रॉसवर बारीक चरे पाडले असतील तर तो ग्रीसविना, झिजून गेला आहे. क्रॉसची भुजा एका झटक्यात मोडली असेल आणि फ्लँजच्या दोन कानांमधल्या आतल्या कडेला धातूवर धातू घासल्याची ताजी चकाकी असेल, तर कोन हाताबाहेर गेला होता. दुसरा पाटा यू-बोल्टच्या अगदी पुढच्या कडेला तडकला असेल किंवा मेन पाटा रिकाम्या गाडीतही नागमोडी राहिला असेल, तर शंकेला जागा नाही.

रॅपसारखीच लक्षणं देणारी आणखी तीन दुखणी आहेत. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटवर टांगलेला असतो. माउंट फाटलं की तोच फिरतो, मागे 'ठक्क' आवाज येतो आणि प्रॉपेलरचा कोन दुसऱ्या टोकाने बिघडतो. दुसरं, ढिले यू-बोल्ट आणि तुटलेला सेंटर बोल्ट: पाट्याखालच्या पॅडवर चकाकणारे घासल्याचे पट्टे दिसतात. तिसरं, पाट्याच्या डोळ्यांतले (टोकाच्या वळवलेल्या कड्यांतले) झिजलेले बुश. पहार घालून प्रत्येक डोळा हलवून बघा. ही तीन कामं आधी करून घ्या. ती न करता अँटी-रॅप बार (हाउसिंगचं फिरणं रोखणारा दांडा) लावला तर बारचेच बोल्ट आणि भोकं ढिली होतात.

बारआधी पाटे

रॅप ५-६ अंशांचाच असेल तर पाटेवाल्याकडे जा. मेन पाट्याखाली, पुढच्या अर्ध्यात डोळ्यापर्यंत पोहोचणारा जादा पाटा टाकून घ्या. तो मागच्या बाजूला आखूड ठेवला की चाल फारशी कडक होत नाही. पाट्यांच्या क्लिपा उघड्या किंवा तुटक्या असतात, त्या बदला, कारण क्लिप नसेल तर पीळ आल्यावर मेन पाटा बाकीच्यांपासून सुटतो आणि एकटाच वाकतो. यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेले यू-बोल्ट परत वापरले की घट्टपणा टिकत नाही. चारही नट आलटून-पालटून, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा आणि १०० किमीनंतर पुन्हा तपासा. अनेक गाड्यांचं काम इथेच भागतं.

याने न भागणाऱ्या गाड्यांसाठी बार.

बारने काय करायचं आणि काय करायचं नाही

बारने एकच हालचाल रोखायची: हाउसिंगचं स्वतःभोवती फिरणं. ॲक्सल वर-खाली जाणं, थोडा पुढे-मागे सरकणं, एक चाक वर आणि एक खाली होणं या तिन्ही हालचाली मोकळ्या राहिल्या पाहिजेत. फसलेला जवळपास प्रत्येक बार यातली एखादी हालचाल अडवत असतो आणि अडवलेला जोर कुठलं तरी ब्रॅकेट उखडून बाहेर पडतो.

रचना साधी आहे. ॲक्सलकडे दोन बोल्ट, एकाच्या वर एक. तिथून दोन पाइप पुढे जात एकत्र येतात. पुढचं टोक शॅकलमधून (दोन्ही टोकांना बोल्टवर झुलणाऱ्या छोट्या दुव्यातून) क्रॉस मेंबरला (चॅसीच्या दोन रेलांमधल्या आडव्या पाइपाला) जोडलेलं. ट्रकवाल्यांना ही कल्पना नवी नाही. दहाचाकी टिपरच्या मागच्या जोड-ॲक्सलवर टॉर्क रॉड असतात, तेही हेच काम करतात. त्यांचे बुशही आपल्या कामाचे आहेत, ते पुढे येईल.

जोर किती येतो याचा हिशोब करूनच मापं ठरवा. मागच्या ॲक्सलवर ९०० किलो, टायरच्या पकडीचा गुणांक ०.८ आणि टायरची त्रिज्या ०.३७ मी धरली, तर हाउसिंगवर सुमारे २६०० न्यूटन-मीटर पीळ येतो. बार १ मीटर लांब असेल तर पुढच्या शॅकलवर उभा जोर २६०० न्यूटन, म्हणजे साधारण २६५ किलो. बार ६०० मिमीचा केला तर तोच ४४० किलोच्या घरात जातो. चाक दगडात अडकून सुटतं तेव्हाच्या झटक्यासाठी हे आकडे दुप्पट धरा.

ॲक्सलकडच्या दोन बोल्टांचं गणित जास्त कडक आहे. त्यांच्यात १५० मिमी अंतर असेल तर प्रत्येकावर सुमारे १७,४०० न्यूटन, म्हणजे पावणेदोन टनांहून थोडा जास्त जोर येतो. जागा नाही म्हणून अंतर ७५ मिमी केलं की साडेतीन टन. बार लावल्यावर दोन-तीन सहलींत ॲक्सलवरचं ब्रॅकेट फाटतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. १५० मिमीपेक्षा कमी जाऊ नका, १८० मिळाले तर घ्या.

एकच पाइप, ॲक्सलला पक्का वेल्ड केलेला, अशी सोपी रचना बऱ्याच ठिकाणी दिसते. ४८ मिमी व्यासाच्या, ४ मिमी भिंतीच्या पाइपाच्या बुडाशी या पिळाने साधारण ४६५ मेगापास्कल ताण येतो. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकतं. म्हणून दोन पाइप हवेत: दोघं मिळून वाकणाऱ्या जोराचं ओढ आणि दाब यांत रूपांतर करतात, आणि ते पाइपाला सहज झेपतं.

लांबी: शक्य तितकी, प्रॉपेलरच्या लांबीच्या जवळपास

ॲक्सल १०० मिमी वर गेला तर १ मीटरचा बार पिनियनचं नाक ५.७ अंश खाली फिरवतो, ६०० मिमीचा बार ९.६ अंश. पाट्याला इतकं फिरायचं नसतं, म्हणून आखूड बार प्रत्येक खड्ड्यात पाट्याशी भांडतो आणि गाडी मागून दगडासारखी कडक लागते. बार प्रॉपेलरइतका लांब आणि त्याचा पुढचा सांधा ट्रान्सफर केसच्या आउटपुटच्या रेषेत असेल, तर बार आणि शाफ्ट सारखेच कलतात. पिनियन ट्रान्सफर केसकडेच बघत राहतो. ट्रान्सफर केसकडे दुहेरी क्रॉसचा सांधा असलेल्या शाफ्टला हे उत्तम. दोन साधे क्रॉस असतील तर चालीच्या (ॲक्सलच्या वर-खाली जाण्याच्या) टोकाला थोडं कंपन येईल, पण एवढ्या उठबशीत वेग कमीच असतो.

शॅकल का हवाच

पाट्याचा पुढचा डोळा स्थिर असतो आणि ॲक्सल त्याच्याभोवती कमानीत फिरतो. या कमानीची त्रिज्या पुढच्या अर्ध्या पाट्याच्या साधारण पाऊण धरतात. पुढचा अर्धा पाटा ५०० मिमी असेल तर त्रिज्या ३७५ मिमी. १५० मिमी चालीत ॲक्सल सुमारे ३० मिमी सरकतो, पण १ मीटरच्या बारची स्वतःची कमान त्याला ११ मिमीच सरकू देते. उरलेले १९ मिमी शॅकलने द्यायचे. शॅकल नसेल तर ते पाट्याच्या डोळ्यातून, तो डोळा चॅसीला धरणाऱ्या हँगरमधून, नाहीतर बारच्या ब्रॅकेटमधून वसूल होतात.

शॅकल मध्य-ते-मध्य १०० ते १२५ मिमी ठेवा आणि गाडी नेहमीच्या उंचीवर असताना तो ओळंब्यात उभा हवा. पुढे जाताना बारचं टोक वर ढकलतं, म्हणजे वरून टांगलेला शॅकल दाबात असतो. तो तिरका झाला की या दाबाचा काही भाग ॲक्सलला पुढे-मागे ढकलण्यात जातो. ३० अंश तिरका असेल तर उभ्या जोराच्या निम्म्याहून जास्त. म्हणून पूर्ण चालीत शॅकल उभ्यापासून १५-२० अंशांपलीकडे कलू नये. खाली जागा असेल तर क्रॉस मेंबर बारच्या खाली घेऊन शॅकल उभा करता येतो. मग पुढे जाताना तो ओढीत राहतो आणि स्थिर असतो, पण क्रॉस मेंबर जमिनीच्या जवळ येतो. घाटातल्या दगडधोंड्यांत टांगलेलाच बरा.

बार एकच लावा. दोन्ही बाजूंना एकेक लावले तर चाकं वर-खाली होताना दोघं मिळून ॲक्सलला पिळतात आणि चाक हवेत उचललं जातं. तो एकही डिफच्या शक्य तितका जवळ, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप नसलेल्या बाजूला.

सामान

मुख्य पाइप: ४० एनबी, शेड्यूल ८०, सीमलेस (बाहेरचा व्यास ४८.३, भिंत ५.०८ मिमी), १.२ मीटर.
तिरका पाइप: २५ एनबी, शेड्यूल ८०, सीमलेस (३३.४, भिंत ४.५५ मिमी), १ मीटर.
ब्रॅकेट आणि शॅकलच्या पट्ट्या: ८ मिमी एमएस प्लेट, ३०० × ४०० मिमीचा तुकडा पुरतो.
क्रॉस मेंबर: ६० × ६० × ४ मिमी चौकोनी पाइप, चॅसीच्या रुंदीइतका.
बोल्ट: एम१६, ८.८ ग्रेड, चार (ॲक्सलला दोन, शॅकलला दोन). आटे नसलेला भाग ब्रॅकेटच्या दोन्ही पट्ट्यांत बसेल इतक्या लांबीचे, नायलॉक नटांसह. क्रॉस मेंबरसाठी एम१२, ८.८, आठ.
बुश: ॲक्सलकडे दोन कडक पॉलियुरेथेन. शॅकलच्या वरच्या टोकाला एक रबरी. बार आणि शॅकलच्या सांध्याला एक गोलाकार, सगळीकडे कलणारा.

नळाचा जीआय पाइप अजिबात घेऊ नका. त्याची शिवण फाटते आणि वेल्डिंगला जस्ताचा विषारी धूर निघतो. सीमलेसचे कापलेले तुकडे मुंबईत सी. पी. टँक-कुंभारवाड्याकडे आणि पुण्यात भोसरीत मिळतात.

बुशच्या निवडीत बरेच जण उलटं करतात: ॲक्सलकडे मऊ, पुढे कडक. बोल्टांत १५० मिमी अंतर असताना प्रत्येक बुश १ मिमी दबला तरी हाउसिंग पाऊण अंश फिरतं. म्हणून तिथे कडक बुश. पुढच्या सांध्याला मात्र बारला आडवं कलता आलं पाहिजे. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असताना ॲक्सल चॅसीच्या तुलनेत १५-२० अंश कलतो आणि बारही त्याच्याबरोबर कलतो. इथे ट्रकच्या टॉर्क रॉडचा बॉन्डेड रबरी बुश चांगला चालतो, चिखल-पाण्यात टिकतो आणि कुठल्याही मोठ्या रस्त्यालगत मिळतो. त्याचं बाहेरचं कडं लेथवाल्याकडून जुळणाऱ्या नळीत दाबून बसवून घ्या. रॉड एंड बेअरिंग वापरायचं असेल तर ते किती अंश कलतं हे खरेदीआधी बघा आणि दोन्ही बाजूंना शंकूच्या आकाराचे स्पेसर टाका. कोकण-गोव्याच्या लाल चिखलात उघडं रॉड एंड एका पावसाळ्यात खडखडायला लागतं, त्यावर रबरी बूट हवाच.

जुळणी

गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी. टाकी भरलेली, स्टेपनी, विंच, सामान, सगळं सहलीला जातं तसं चढवलेलं. रिकाम्या गाडीवर मापं घेतली की भरल्या गाडीत शॅकल तिरका होतो.

पिनियनचा कोन आत्ता ठरवा, बार लावल्यावर तो पाचर टाकून बदलता येत नाही. एक गोष्ट हमखास विसरली जाते. रॅपची सवय असलेल्या गाडीत पिनियनचं नाक मुद्दाम ३-४ अंश खाली ठेवलेलं असतं, ताणाखाली वर येऊन ते सरळ व्हावं म्हणून. बार लावल्यावर ते वर येणार नाही, आणि मग ६० च्या पुढे गाडी थरथरते. दुहेरी सांध्याच्या शाफ्टला पिनियन शाफ्टच्या रेषेपेक्षा १-२ अंशच खाली ठेवा. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टला पिनियन आणि ट्रान्सफर केसचं आउटपुट समांतर, तिथेही जास्तीत जास्त १-२ अंशांची सवलत.

क्रॉस मेंबर आधी बसवा, तोही स्वतंत्र. ट्रान्सफर केसच्या माउंटच्या क्रॉस मेंबरला बार जोडलात तर प्रत्येक झटका त्या माउंटच्या रबराला बसेल. बोल्ट चॅसीच्या रेलमधून आरपार जात असतील तर आत नळीचे तुकडे टाका, नाहीतर आवळताना रेलची पेटी चेपते.

मग शॅकल ओळंब्यात टांगा, बार बोल्ट लावून धरा, ॲक्सलवरची ब्रॅकेट जागेवर बसवून टॅक (तात्पुरत्या वेल्डचे ठिपके) मारा. तिरका पाइप मुख्य पाइपाला पुढच्या टोकापासून २५० मिमीच्या आत मिळाला पाहिजे. त्याच्या पुढे मुख्य पाइप एकटाच वाकण्याचा जोर घेतो. २५० मिमीला ताण १०० मेगापास्कलच्या आसपास राहतो, ४०० मिमीला दीडशेच्या वर जातो आणि झटक्याला काही शिल्लक उरत नाही. मिळण्याच्या जागी तिरक्या पाइपाचं तोंड मुख्य पाइपावर फट न राहता बसेल असं घासा आणि दोघांच्या बेचक्यात ६ मिमीची त्रिकोणी प्लेट द्या.

टॅकवरच चाल तपासा. शॉकॲब्सॉर्बर सोडा, चॅसी स्टँडवर घ्या, ॲक्सल जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या, मग एक बाजू वर आणि एक खाली. बम्प स्टॉप (ॲक्सलला वर अडवणारा रबर) पूर्ण दबलेला असताना बार आणि गाडीच्या तळात किमान २५ मिमी राहिले पाहिजेत. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, स्टँड हवेतच.

ॲक्सलवर वेल्डिंग

एमएम ५४० च्या ॲक्सलला मध्ये ओतीव डिफ असतं आणि त्यात दोन बाजूंनी नळ्या दाबून बसवलेल्या असतात. ओतीव भागावर साध्या रॉडने वेल्ड करू नका. थंड होताना तो वेल्डच्या कडेने तडकतो. ब्रॅकेट नळीवर घ्या. जिप्सीचं हाउसिंग दाबलेल्या पत्र्याचं, एकसंध, आणि उष्णतेने लवकर वाकणारं आहे.

ॲक्सल-शाफ्ट, शक्य असेल तर डिफचा गोळाही बाहेर काढा, तेल काढून टाका, ब्रीदर (हाउसिंगचं हवेचं छिद्र) उघडा ठेवा. बॅटरीच्या तारा काढा, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) प्लगही. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी, हाउसिंगवरच लावा. चॅसीला लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि त्याच्या गोळ्यांवर खड्डे पाडू शकतो.

रंग, गंज, तेल काढून पोलाद उघडं करा. ई७०१८ रॉड, ३.१५ मिमी, डीसी पॉझिटिव्हवर ११०-१३० अँपिअर. पावसाळ्यात हे रॉड ओलावा धरतात. ओव्हनमधून काढलेले कोरडे रॉडच वापरा, ओल्या रॉडच्या वेल्डला काही दिवसांनी केसासारख्या चिरा जातात. ब्रॅकेटने नळीला किमान एक तृतीयांश घेरावं, दोन्ही पट्ट्या आडव्या प्लेटने जोडून पेटी करावी. वेल्ड २५-३० मिमीच्या टप्प्यांत, आलटून-पालटून, प्रत्येक टप्प्यानंतर हात लावता येईल इतकं थंड होऊ देऊन. नळीभोवती पूर्ण गोल वेल्ड फिरवू नका. त्या कडेवरच नळी मोडते, आणि आकुंचनाने हाउसिंग वाकतं ते वेगळंच. पाण्याने थंड करणं तर नाहीच.

वेल्डआधी आणि नंतर मागच्या दोन टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजा. फरक २ मिमीहून जास्त बदलला तर हाउसिंग वाकलं आहे. शाफ्ट हाताने सरकवताना स्प्लाइनमध्ये अलगद शिरला पाहिजे, ठोकावा लागला तर थांबा. बुश सगळं वेल्डिंग संपल्यावरच घाला.

शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना: एम१६ सुमारे २००, एम१२ सुमारे ८० न्यूटन-मीटर. बोल्ट हाताने सरकून भोकात जात नसेल तर पहारीने ओढून बसवू नका, बार कायमचा ताणात राहील. जोडणी सुधारा.

रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी असलेल्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये येऊ शकतात. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

बार लावूनही त्रास चालूच असेल तर

थडथड तशीच आहे, पण व्हिडिओत पिनियन १-२ अंशच हलतो: हा रॅप नाही, टायर उड्या मारतोय. हवा कमी करून बघा, शॉकॲब्सॉर्बर तपासा.

पिनियन अजून ५ अंश हलतो: बारपेक्षा क्रॉस मेंबरकडे बघा, बहुतेक तोच वाकतोय. ॲक्सलकडचे बुश मऊ निघण्याचीही शक्यता आहे.

गिअर टाकताना 'टक्क' आवाज: बुशमधली स्लीव्ह बुशपेक्षा आखूड आहे. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटच्या पट्ट्यांनी स्लीव्ह चिमटीत धरली पाहिजे, म्हणून ती बुशपेक्षा अर्धा ते एक मिमी लांब हवी. नाहीतर बोल्ट भोकात खेळतो आणि भोक लंबगोल होतं. एकदा लंबगोल झालेल्या भोकावर जाड वॉशर वेल्ड करून नवं भोक पाडा, नुसता बोल्ट बदलून काही होत नाही.

पाट्याचा पुढचा बुश किंवा हँगर तुटला: शॅकल कुठेतरी अडतोय. त्याच्या पट्ट्यांवर, क्रॉस मेंबरच्या कडेवर रंग उडालेला शोधा.

चाकांची चाल कमी झाली, एक चाक लवकर हवेत जातं: पुढचा सांधा कलत नाही. एका बाजूचं चाक उंच दगडावर चढवून बारचं पुढचं टोक बघा. बुशच्या एका कडेचं रबर बाहेर आलं असेल आणि शॅकलच्या पट्ट्या वाकल्या असतील, तर जास्त कलणारा सांधा लागेल.

ब्रॅकेटच्या वेल्डशेजारी तेलाची ओल: नळीला चीर गेली आहे. वरून वेल्डचा थर चढवू नका. ब्रॅकेट कापून काढा, चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून ती थांबवा, खाच करून भरा, आणि नवं ब्रॅकेट जास्त उंचीचं आणि जास्त घेराचं करा.

मागचं सगळं ठीक झालं आणि आता पुढचा क्रॉस तुटतोय, तोही रिव्हर्समध्ये: पुढच्या ॲक्सलचा पिनियन मागे तोंड करून असतो. पुढे जाताना त्याचं नाक खाली जातं आणि रिव्हर्सने चढताना वर. तिथेही बार लावता येतो, पण इंजिनच्या तेलाच्या सम्पमुळे लांबी मिळत नाही. आधी पाटे कडक करा, दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवून घ्या, आणि अडकलेली गाडी रिव्हर्समध्ये जोर लावून काढण्यापेक्षा विंचने काढा.